बारा बाय दहाची खोली आणि किनाऱ्यावरचा बेस

घरी तयार केलेला इलेक्ट्रॉनिक ट्रॅक गोव्यातल्या शॅकच्या (किनाऱ्यावरच्या झापाच्या बार-रेस्टॉरंटच्या) स्पीकरवर पहिल्यांदा वाजला की बहुतेकांचा प्रश्न एकच: बेस गेला कुठे? मग साऊंडवाल्याला बोल लावून होतो, स्पीकर जुने आहेत म्हणून होतं. चूक बहुतेक वेळा म्हापशातल्या नाहीतर फोंड्यातल्या फ्लॅटच्या त्या बारा बाय दहाच्या खोलीतच झालेली असते.

हिशेब सोपा आहे. इथल्या उकाड्यात, म्हणजे ३० अंशांच्या आसपास, आवाज सेकंदाला ३४९ मीटर जातो. या आकड्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की त्या दोन भिंतींमध्ये कोणता सूर अडकणार ते कळतं. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, तिथे ४८ हर्ट्झ. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, तिथे ५७ हर्ट्झ. त्यात स्लॅबही दहा फुटांवर असेल तर रुंदी आणि उंची दोन्ही ५७ वरच भर घालतात. आता बेसलाइनचे सूर पाश्चात्त्य नावांनी बघा: खालचा जी ४९ हर्ट्झ, ए ५५, ए शार्प ५८. खुर्ची लांबीच्या बरोबर मध्यावर असेल तर तो जी जवळपास ऐकूच येत नाही, म्हणून माणूस बेस चढवत बसतो. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर तोच जी खिडकीची तावदानं वाजवतो, म्हणून माणूस बेस कापतो. किनाऱ्यावर भिंतीच नाहीत. तिथे पहिल्याचा ट्रॅक गढूळ वाजतो आणि दुसऱ्याचा पत्र्यासारखा.

उपाय असे. टेबल आखूड भिंतीकडे तोंड करून लावायचं, म्हणजे स्पीकरचा मारा लांबीच्या दिशेने जातो. कान समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, बारा फुटांच्या खोलीत साडेचार फुटांवर. रॉकवूलची चार इंची पॅनेलं लावा, पण ४८ हर्ट्झला ती जवळजवळ काही करत नाहीत. ती वरचा गोंगाट शोषतात, बेस नाही. पॅनेल भिंतीपासून दोन इंच सुटं ठेवायचं. त्याने शोषण सुधारतं, शिवाय पावसाळ्यात पश्चिमेची भिंत पाझरते तेव्हा मागे बुरशी धरत नाही. कापसाच्या गाद्या भिंतीला टेकवून काम भागवणाऱ्यांना जुलैत त्याचा वास येतोच.

पैसा न लागणारी गोष्ट म्हणजे सुरांची यादी. साधा साइन वेव्ह (एकाच कंपनसंख्येचा शुद्ध सूर) घ्या, ४१ हर्ट्झच्या ई पासून ८२ च्या ई पर्यंत एकेक अर्धसूर सारख्याच पातळीवर वाजवा आणि खुर्चीत बसून कोणता फुगतो, कोणता गायब होतो ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. त्या सुरांच्या बाबतीत खोलीचं ऐकायचं नाही, हेडफोन आणि सॉफ्टवेअरमधल्या पातळी दाखवणाऱ्या मीटरचं ऐकायचं. मंगळुरी कौलांच्या जुन्या घरात हा त्रास कमी असतो, कारण बेस कौलांतून निघून जातो. तो शेजाऱ्यांकडे जातो ही गोष्ट वेगळी.

गोव्यात राहून इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं आणि सगळे ताल सॅम्पल पॅकमधून (तयार आवाजांच्या संचातून) उचलायचे, हे पटत नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरोघरी घुमट (मातीच्या मडक्याचं तालवाद्य), शामेळ (ढोलासारखं वाद्य), कासाळे (झांजा) वाजत असतात. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आहे, आता बकऱ्याचं लावतात. मडक्याचं मोठं तोंड मढवलेलं असतं, मागचं लहान तोंड उघडं. वाजवणारा मागच्या तोंडावर तळवा दाबतो, उघडतो, आणि त्याने तो ओलसर 'घूं' वर-खाली सरकतो. एकच माइक पुढे धरला की फक्त थाप मिळते, घूं मिळत नाही. म्हणून दोन माइक: एक कातड्यापासून वीतभर अंतरावर, थोडा तिरका, दुसरा मागच्या तोंडापासून चार बोटं, पण तळव्याच्या वाटेत येणार नाही असा, नाहीतर प्रत्येक दाबाला वाऱ्याचा फुस्स येतो. कातडं आत जातं तेव्हा पुढे हवा विरळ होते आणि मागे दाबली जाते, त्यामुळे दोन्ही ट्रॅक एकत्र केले की बेस बऱ्याचदा एकमेकांना खातो. मागच्या माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघायची आणि ज्या बाजूला आवाज भरतो ती ठेवायची. सर्वांत मोठी थाप मीटरवर उणे १० डेसिबलच्या (शून्य म्हणजे डिजिटलची कमाल पातळी) वर जाणार नाही इतकाच गेन, म्हणजे माइकचा आवाज चढवायचा.

दमट हवेत कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो, म्हणून रेकॉर्डिंगआधी घुमट उन्हात ठेवायचं आणि दर अर्ध्या तासाने सूर तपासायचा. रेकॉर्डिंग दुपारीच उरकायचं. रात्री रातकिडे साधारण चार-पाच हजार हर्ट्झवर गात असतात आणि तिथेच थापेची धार असते. एक काढायला गेलं की दुसरी जाते. आरतीची लय वाजवता वाजवता चढत जाते. ती जबरदस्तीने ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या समान ठोक्यांच्या रेघांवर) बसवली की मेलीच समजा. ज्या जागी जीव आहे तो दोन-चार बारांचा (चार ठोक्यांचा एक बार) तुकडा कापा, फक्त पहिली थाप ग्रिडवर आणा, आतलं तसंच राहू द्या.

आता खरा गुंता. घरचा पूर्ण ट्रॅक स्टेजवर मोडून वाजवायचा म्हणजे स्टेम (ट्रॅकचे वेगवेगळ्या फायलींतले भाग) काढायचे: किक (मोठ्या ड्रमचा ठोका), बेस, तालवाद्यं, बाकीचे सूर. इथे सगळ्यात जास्त फसगत मास्टर चॅनेलवरच्या (सगळा आवाज एकत्र येतो तिथल्या) लिमिटरने होते, म्हणजे आवाज ठरलेल्या मर्यादेच्या वर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेने. घरी ऐकताना प्रत्येक किकबरोबर बाकी सगळं किंचित दबतं, तो 'श्वास' आपल्याला आवडलेला असतो आणि तो श्वास लिमिटरचा असतो. स्टेम वेगळे काढले की लिमिटरला दाबायला किक उरत नाही आणि स्टेजवर ट्रॅक सपाट लागतो. म्हणून लिमिटर काढून मिक्स परत ऐका, हवा तो दाब साइडचेनने (किक वाजली की दुसरा आवाज दबवणाऱ्या जोडणीने) बेसवर आणि पॅडवर (मागे रेंगाळणाऱ्या लांब सुरांवर) वेगवेगळा द्या, आणि त्यासकट स्टेम काढा. शिखर उणे ६ डेसिबलच्या आत. स्टेजवर सुरक्षेपुरता लिमिटर ठेवला तरी तो दोन डेसिबलपेक्षा जास्त दाबताना दिसू नये.

दुसरी चूक रिव्हर्बच्या (घुमणाऱ्या आवाजाच्या) शेपटाची. आठ बारांचा लूप एक्स्पोर्ट केला की शेवटच्या सुराचं शेपूट तुटतं आणि लूप फिरताना खड्डा ऐकू येतो. लूप सलग दोनदा वाजवून एक्स्पोर्ट करा आणि दुसरी फेरी ठेवा. पहिल्या फेरीचं शेपूट तिच्या सुरुवातीला आलेलं असतं. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे डावीकडे-उजवीकडे सारखंच. ३० च्या खालचं कापून टाका, ते शॅकच्या स्पीकरवर जवळपास ऐकूच येत नाही, फक्त अॅम्प तापवतं.

चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस असेल तर किक आणि बेस मोनो करून तिसऱ्या आउटपुटवर, बाकी पहिल्या-दुसऱ्यावर. साऊंडवाल्याच्या हातात बेसचा वेगळा फेडर (आवाजाची सरकपट्टी) आला की निम्मे वाद मिटतात. छोट्या शॅकमध्ये साऊंडवालाच नसेल तर सरळ डावं-उजवं द्या.

कंट्रोलरवर (सॉफ्टवेअर हाताळायच्या यंत्रावर) आठ फेडर आणि सोळा पॅड (थाप मारायची बटणं) पुरेसे आहेत. त्याहून जास्त मॅपिंग केलं की माणूस वाजवत नाही, शोधत बसतो. मात्र फेडरचं पिकअप (सॉफ्टवेअरमधल्या पातळीला पोहोचेपर्यंत फेडर काही न बदलण्याची सोय) चालू आहे ना ते नक्की बघा. नाहीतर ट्रॅक बदलल्यावर फेडर खाली आणि सॉफ्टवेअरमधली पातळी वर, आणि बोट लागताच आवाज धाडकन उडी मारतो. क्लिप एका बारवर क्वांटाइझ ठेवायच्या, म्हणजे पुढचा बार सुरू होतानाच त्या वाजू लागतात. मिनिटाला १३८ ठोक्यांच्या गतीला ३२ बार म्हणजे जेमतेम ५६ सेकंद, पुढचं काय ते तेवढ्यात ठरवायचं असतं. बफर (आवाज बाहेर पडण्याआधी लॅपटॉप साठवतो तो तुकडा) २५६ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झला सव्वापाच मिलिसेकंद. ५१२ ला पॅडवरची थाप मागे पडल्यासारखी वाटते, ६४ ला तापलेला लॅपटॉप कडकड करू लागतो. लॅपटॉपवर ताण देणारे सिंथ घरीच ऑडिओ फाइल करून न्यायचे. वायफाय, ब्लूटूथ बंद.

नव्वदच्या दशकात हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यांवरच्या पार्ट्यांत डीएटी (डिजिटल ऑडिओ टेप) कॅसेट चालायच्या, कारण उन्हाने विनाइलच्या तबकड्या वाकतात. बहुतेक डीएटी मशीनवर गती बदलता येत नसे, त्यामुळे लांब, तालाशिवायची सुरुवात आणि शेवट असलेले ट्रॅक सोयीचे पडत. ती युक्ती आजही कामाची आहे: प्रत्येक ट्रॅकला किक नसलेले सोळा बार ठेवा, अडचण आली तर पाय टेकायला जागा राहते.

अडचण बहुधा विजेची असते. स्पीकरमधून गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण थांबली तर तो ग्राउंड लूप आहे: लॅपटॉपचं अर्थिंग एका बोर्डातून, मिक्सरचं दुसऱ्या. दोन्ही एकाच बोर्डावर आणा, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स (लॅपटॉप-इंटरफेस आणि मिक्सर यांच्यामधली छोटी पेटी) घालून त्याचा ग्राउंड लिफ्ट (अर्थिंगची जोडणी तोडणारं बटण) दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कापणारे लोक आहेत. ओल्या वाळूवर अनवाणी उभं राहून हे करणं म्हणजे जिवाशी खेळ.

खारी हवा हळूहळू खाते. फेडर खरखरला तर इलेक्ट्रॉनिक्ससाठीचाच कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा वरखाली करायचा. बिजागऱ्यांना मारतो तो तेलकट स्प्रे फेडरच्या कार्बन पट्टीवर चिखल करतो. पावसाळ्यात सगळं हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. एसी गाडीतून उतरवलेली बॅग किनाऱ्यावर लगेच उघडायची नाही. थंड धातूवर दव धरतं आणि पॉवर दिली की आत शॉर्ट होऊ शकतो. अर्धा तास बॅग बंदच राहू दे.

आणि दहा वाजता. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचे स्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. सेट तासाभराचा असेल तर तो पावणेनऊला सुरू होईल असं धरून बसवायचा, कारण आधीचा कलाकार पंधरा मिनिटं खाणारच. तरीही उशीर झाला तर मधला कोणता ट्रॅक गाळायचा हे घरीच ठरवून सॉफ्टवेअरमधल्या त्याच्या ओळीला वेगळा रंग द्या. नऊ पंचावन्नला किक काढा, घुमटाचा तुकडा आणि पॅड तेवढे राहू द्या. मालक मेन स्विचकडे निघायच्या आत फेडर खाली. मग आधी अॅम्प बंद, नंतर मिक्सर, शेवटी इंटरफेस आणि लॅपटॉप. उलट्या क्रमाने बंद केलं तर सबवूफरमधून जो ठॅप्प येतो, त्यात कोन फाटलेले आहेत.