ओळखपत्रावरची काट

रवांडाच्या जुन्या ओळखपत्राचे छायाचित्र समोर आले की माझी नजर एकाच ओळीवर खिळते. हुतू, तुत्सी, त्वा ही देशातल्या तीन समाजगटांची नावे तेथे आधीच छापलेले असत आणि लागू असेल तो सोडून बाकीच्यांवर काट मारलेली असे. बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात रुजवलेली ही नोंद बापाकडून मुलाकडे जाई. आई तुत्सी आणि बाप हुतू असेल, तर मूल कागदोपत्री हुतूच. १९९४च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवस रस्त्यारस्त्यांवर हुतू कट्टरपंथीयांकडून हाच कागद मागितला गेला, आणि त्यावर काट न मारलेला शब्द 'तुत्सी' असेल, तर मरण बहुधा ठरलेले असे.

संहारानंतर आलेल्या नव्या सरकारने तो रकाना काढून टाकला. पुढे २००८मध्ये राज्यघटनेतच या संहाराला 'तुत्सींविरुद्धचा वंशसंहार' असे नाव मिळाले. ते नाव खरे आहे आणि तसेच राहायला हवे, कारण तुत्सींना केवळ तुत्सी म्हणून वेचून मारले गेले. मला सलते ते निराळेच. पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना हुतू होत्या, ७ एप्रिललाच त्यांची हत्या झाली, आणि आज त्यांचा राष्ट्रवीर म्हणून गौरव होतो. परंतु संहार थांबवून सत्तेवर आलेल्या, तुत्सीप्रधान रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटच्या सैनिकांच्या हातून मेलेल्या सामान्य हुतू शेतकऱ्याला कोणत्याच यादीत जागा नाही. गावोगावच्या गचाचा न्यायसभांनी २०१२पर्यंत १९ लाखांहून अधिक प्रकरणे हाताळली. शेजाऱ्याला समोर उभे करून आपल्या माणसांचे मृतदेह कोठे टाकले हे विचारण्याची सोय तेथे होती. त्या शेतकऱ्याच्या विधवेला मात्र ती नव्हती, कारण सैनिकांचे गुन्हे या सभांच्या कक्षेबाहेर ठेवले गेले होते.

हे दुःख मान्य केल्याने वंशसंहार लहान होतो, असे मला वाटत नाही. दोन्ही गुन्हे एका मापाचे नाहीत, आणि तसे भासवणाऱ्यांचा हेतू अनेकदा संहार नाकारण्याचाच असतो, म्हणून सरकारची सावधगिरी मी समजू शकतो. पण किझितो मिहिगो हा गायक स्वतः तुत्सी होता, त्याचे वडील याच संहारात मारले गेले होते. २०१४मध्ये त्याने वंशसंहारात न मोजल्या जाणाऱ्या मृतांसाठीही गाण्यातून करुणा भाकली. त्याच वर्षी त्याला सरकारविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि २०१५मध्ये दहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. २०१८मध्ये माफी मिळून तो सुटला, आणि फेब्रुवारी २०२०मध्ये पुन्हा अटक झाल्यावर काही दिवसांतच पोलीस कोठडीत मरण पावला.