न उघडता शिंपला ओळखायचा कसा

पहिल्या शिंपल्याचं मी वाटोळं केलं, हे आधीच सांगून टाकतो.

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाची लोकजैवविविधता नोंदवही भरायची होती. मासे, पक्षी, झाडं झाली; शिंपल्यांपुढे नुसतं 'शिंपले' लिहून भागेना. वाचलं तर, कवचाच्या दोन झडपा जिथे जोडलेल्या असतात त्या बिजागरीचे दात बघा म्हणे. बिजागरी आत! घातला चाकू. झडपा मिटून धरणारे स्नायूच कापले गेले, शिंपला पुन्हा मिटलाच नाही. मादी असेल तर पिल्लंही तिच्या कल्ल्यांत वाढतात, हे नंतर कळलं.

जाळं सोडवत बसलेले ढिवरकाका म्हणाले, "कायले कापता गुरुजी? पाळीखाली मेलेले पडले हायत ना ढिगानं."

उन्हाळ्यात मामा तलाव आटला होता (मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातला; पाळ म्हणजे त्याचा बांध). काठावर उघडे शिंपले हवे तेवढे. लांबट, पातळ, गुळगुळीत कवच आणि पात्यासारखे लांब दात असले की लॅमेलिडेन्स, हा शिंपल्यांचा एक वंश. लहान, जाड, गोलसर आणि दात दणकट, तो पॅरेसिया, हा दुसरा वंश. मग तेच शिंपले मिटवून बाहेरून न्याहाळले. बिजागरीजवळ टेंगूळ असतं, तिथून कवच वाढायला लागतं. पॅरेसियाच्या टेंगळावर नागमोडी सुरकुत्या असतात, नख फिरवलं तर अडतं. लॅमेलिडेन्सवर नख सरळ घसरतं. पण म्हाताऱ्या शिंपल्याचं टेंगूळ झिजून पांढरं पडलेलं असतं, तिथे नख काहीच सांगत नाही. म्हणून लहान वयाचे शोधायचे. अंगभर एकात एक गोलाकार कंगोरे असलेले बोटाच्या पेराएवढे शिंपले निघाले, ते कॉर्बिक्युला. त्यांचं कुळच वेगळं.

जिवंत शिंपला ओल्या गोणपाटावर, सावलीत. पट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो, व्हर्नियरने लांबी-उंची-जाडी, की लगेच होता तिथेच परत. नुसता फेकायचा नाही. टेंगळाजवळचं आखूड टोक चिखलात, लांब टोक वर. पाणी आत-बाहेर तिथूनच होतं. मी दोन उलटे रोवले होते, काकांनी न बोलता सरळ केले.

जातीपर्यंत जायचा हट्ट मी सोडला. लॅमेलिडेन्समधल्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, फोटोवरून छातीठोक नाव लिहिणं मला पटत नाही. वंशाचं नाव आणि मापं लिहिली.

कापलेल्या शिंपल्याच्या झडपा अजून माझ्या टेबलावर आहेत. लॅमेलिडेन्सच होता. नख सरळ घसरतं.