गडाच्या वाटेवरची उधारी

एकवीस वर्षं मी चैत्रात धुळ्याबाहेर हायवेला मांडव टाकून गडावर चाललेल्यांना खिचडी नि मठ्ठा वाटला. रामनवमी ते पौर्णिमा सप्तशृंगीचा चैत्रोत्सव असतो. खान्देशातून माणसं झुंडीनं पायी निघतात, कारण खान्देश म्हणजे देवीचं माहेर, असं आम्ही मानतो. मी मात्र कायम पातेल्याच्या अलीकडे, हातात डाव घेऊन. यंदा बायको म्हणाली, "दुसऱ्यांना चाला चाला म्हणता, एकदा स्वतः चालून दाखवा." खरं सांगतो, भक्तीपेक्षा रागानंच निघालो. किराणा दुकान पोराच्या ताब्यात दिलं, तरी लळिंगचा घाट चढेपर्यंत त्याला चार फोन केले.

ऊन असं की चालायचं ते पहाटे आणि संध्याकाळनंतर. झोडग्याला एका पोरानं ताकाचा ग्लास पुढे केला. माझा हात आपोआप खिशात गेला. "काका, हे विकत नाही," म्हणत पोरगं हसलं. ताक प्यालो, पण घशात अडकल्यासारखं झालं. मग सावलीत बसून खिशातल्या डायरीत लिहिलं : झोडगे, ताक, दोन ग्लास. सत्तावीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाची ही खोड. घेतलं की लिहायचं, लिहिलं की फेडायचं. मालेगावपर्यंत डायरीचं पान भरलं : केळी, चहा, वरण-बट्टी, मोबाइलचं चार्जिंग. परत आल्यावर एकूण रक्कम काढून दानपेटीत टाकायची, असं मनाशी पक्कं होतं.

मालेगावात रात्री यंत्रमागांचा खटखटाट ऐकत एका शाळेच्या ओट्यावर पडलो. उशी नाही, पंखा नाही. झोप मात्र लागली. घरी गादीवर लागत नाही, ती गोष्ट वेगळी.

देवळ्याच्या अलीकडे डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला. रस्त्याकडेला कांद्याच्या चाळीजवळ मांडव होता. तिथं एक आजी घमेल्यात कोमट पाणी घेऊन बसलेली. वय सत्तरीच्या पुढचं, हाताला कांद्याच्या पातीचा वास. "कोनता गावना शेतस दादा?" मी म्हटलं, धुळे. तिनं हात पुढे केला, "दे पाय." मी पाय मागे ओढला. आईच्या वयाच्या बाईच्या मांडीवर धुळीनं भरलेला पाय कसा ठेवायचा? म्हटलं, "माझं मी करतो." तिनं ऐकलंच नाही. घोटा धरला आणि पाय घमेल्यात घातला.

बोटांच्या बेचक्यातली माती तिनं सावकाश काढली. सुई काडीनं तापवली, फोडातून दोरा ओवला आणि पाणी निघत राहावं म्हणून तो तसाच आत ठेवला. (आजकालचे डॉक्टर यावर रागावतात, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी वाद घालायची माझी हिंमत नव्हती.) वरून हळद-तेल. मी शंभराची नोट काढली. तिनं नोटेकडे पाहिलंही नाही. "आठे पैसा नही चालतस." आणि पुढच्याला हाक मारली.

नांदुरीकडे लंगडत जाताना डायरी काढली. देवळा, असं लिहिलं. पुढे काय लिहावं? पाय धुणं, एक नग? पेन तसंच खिशात टाकलं. आणि एकाएकी आमचा मांडव आठवला. खिचडी घेताना खाली बघणारे, "नको नको" म्हणणारे किती तरी जण असायचे. मला वाटायचं, लाजतात बिचारे. उलट मी दोन डाव जास्तच वाढायचो, आणि त्यात मला फार बरं वाटायचं.

घाट पहाटे चढलो. चतुर्दशीच्या रात्री दरेगावच्या गवळी पाटलांनी लावलेला कीर्तिध्वज शिखरावर फडकत होता. कड्याकडे बघून हा माणूस अंधारात तिथं कसा चढला असेल, ते कळेना. रांगेत पाच तास आणि अठरा हातांच्या आईसमोर जेमतेम पाच सेकंद. मागच्याच्या ढकलाढकलीत काय मागायचं तेही विसरलो. दानपेटीत अकरा रुपये टाकले. डायरी उघडलीच नाही.

परतीच्या एसटीत शेजारच्या माणसानं फडकं सोडलं. कळण्याची भाकरी अर्धी मोडून माझ्यापुढे धरली. ती हातात घेतल्यावर मी विचारलं, "ठेचा आहे का?"