बेस रुंद करण्याआधी

गेल्या नवरात्रात आमच्या सोसायटीच्या गरब्यासाठी मी एक ट्रॅक घरीच तयार केला होता. रावपुऱ्यातल्या आमच्या खोलीत हेडफोन लावून ऐकताना त्यातला सिंथ बेस (सिंथेसायझरवरचा खर्जातला आवाज) दोन्ही कानांच्या पलीकडे पसरल्यासारखा वाटत असे. प्रत्यक्ष मैदानात मात्र तो इतका क्षीण झाला की ढोल एकटाच वाजत राहिला. साउंडवाल्या भाईंनी सगळे स्पीकर मोनोवर, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून एकच आवाज सगळीकडे जाईल असे, जोडले होते आणि ते योग्यच होते, कारण गोल फेर धरून फिरणाऱ्या माणसाला डावे-उजवे असे कायमचे काही नसते.

चूक माझ्या पद्धतीत होती. बेसची एक प्रत डावीकडे ठेवून दुसरी 10 मिलिसेकंद उशिराने मी उजवीकडे सोडली होती. माझ्या गाण्याचा षड्ज 49 हर्ट्झचा, म्हणजे त्याचे एक आवर्तन साधारण 20 मिलिसेकंदांचे. 10 मिलिसेकंदांचा उशीर हा जवळजवळ नेमका अर्ध्या आवर्तनाचा झाला. दोन्ही बाजू एकत्र येताच एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला आणि गाण्याचा पायाच पुसला गेला. याचे मला फार वाईट वाटले, कारण त्या षड्जावरच बाकीची चाल उभी होती.

त्यानंतर मी पॉलिव्हर्स कंपनीचे वायडर हे आवाज रुंद करणारे मोफत प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचे साधन) घेतले. मोनोमध्ये मूळ आवाज शाबूत राहावा, हाच त्याच्या रचनेचा हेतू आहे. त्यामागचे गणित समजायला सोपे आहे: मुळातून घडवलेला एक वेगळा ध्वनी डाव्या बाजूत मिळवायचा आणि तोच उजव्या बाजूतून वजा करायचा, दोन्ही बाजूंची बेरीज केली की तो ध्वनी आपोआप नाहीसा होतो आणि मूळ तेवढे उरते.

तरीही संपूर्ण बेस मी त्यातून नेत नाही. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ 7 मीटर असते, तिच्यापुढे आपले डोके अगदीच लहान, त्यामुळे इतक्या खालचा आवाज कोणत्या बाजूने आला हे कानांना नीट कळतच नाही. रुंदी जाणवते ती वरच्या उपस्वरांमुळे. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर 41 हर्ट्झच्या आसपास असला, तरी तिचे उपस्वर 82, 124, 165 असे वर चढत जातात आणि तारेचा पोतही त्यांच्यातच असतो. म्हणून मी बेसचे दोन ट्रॅक करतो: 120 हर्ट्झच्या खालचा भाग काटेकोरपणे मध्यभागी ठेवतो आणि वरच्या भागावरच वायडर लावतो.

शेवटी व्होक्सेंगोच्या स्पॅन या दुसऱ्या मोफत प्लगइनमधला कोरिलेशन मीटर, म्हणजे डावी-उजवी बाजू एकमेकींशी किती जुळतात हे दाखवणारा मापक, पाहतो. काटा उणेकडे झुकून तिथेच राहू लागला की रुंदी कमी करतो. मग मास्टर ट्रॅक (सगळे आवाज एकत्र येतात तो शेवटचा ट्रॅक) मोनो करून, हेडफोन काढून, एका लहान स्पीकरवर सगळे पुन्हा ऐकतो. यंदाच्या ट्रॅकमध्ये षड्ज तिथेही जागेवर आहे.