रिकाम्या चढाया

सोमवार

झोनच्या बास्केटबॉल स्पर्धेचा ड्रॉ लागला. पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढे, म्हणून टीममधल्या पोरी नाचायला लागल्या. मी खालची ओळ वाचली. बाय मिळाला म्हणजे आमची पहिली मॅच थेट त्यांच्याशी. गेल्या वर्षीचे सांगली झोनचे विजेते, त्यातल्या तिघी शिवाजी विद्यापीठाच्या टीममधून बाहेर खेळून आलेल्या. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडून 54-17 हरलो होतो, आणि त्या सतरातले निम्मे पॉइंट त्यांच्या राखीव मुली उतरल्यावर आलेले. मॅच पुढच्या सोमवारी.

इथे कुणाचं नाव लिहीत नाही. जर्सीचे नंबर पुरेत. मी चार नंबर, पॉइंट गार्ड खेळते, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ मांडणारी.

मंगळवार

पाऊस. म्हणजे प्रॅक्टिस साडेपाचला. आमचं कोर्ट सिमेंटचं, कॅन्टीनच्या मागे, आणि दिवसभर त्यावर स्टाफच्या गाड्या लागतात. पाच वाजता गाड्या निघाल्या की आम्ही वायपर घेऊन उतरतो. पाणी रेटत कडेला न्यायचं, मग पोत्याने टिपायचं, मग फ्री थ्रो लाइनच्या डाव्या अंगाला जिथे स्टँडचे खड्डे पडलेत तिथे चिंधी कोंबून ठेवायची, नाहीतर दोन मिनिटांत पुन्हा तळं. हे सगळं होईपर्यंत सूर्य कॅन्टीनच्या पत्र्याखाली गेलेला असतो. एका रिंगला जाळी नाही. बिनजाळीच्या रिंगवर शिकलेल्या मुलीला बॉल आत गेला की बाहेरून गेला हे कानाने कळत नाही, त्यामुळे आमच्या अर्ध्या पोरी शॉट मारून बघत उभ्या राहतात आणि रिबाउंड दुसरं कुणीतरी घेऊन जातं. आठ जणी आहोत. त्यातल्या दोघी हँडबॉलमधून आलेल्या, त्यांना ड्रिबल आठवण करून द्यावं लागतं.

दहा नंबर आज आली नाही. घरी द्राक्षाची छाटणी सुरू आहे, मजुरांचा स्वयंपाक तिच्याकडे. तिला काय बोलणार.

सर मूळचे कबड्डीचे. बास्केटबॉलचे नियम त्यांनी आमच्याबरोबरच शिकले आणि ते कधी लपवत नाहीत. आज पोरी गेल्यावर मला थांबवून म्हणाले, "चार नंबर, खरं सांग. आठवड्यात या पोरी त्यांच्याएवढ्या होतील?"

"नाही सर."

"मग आपण काय करतोय?"

मला उत्तर आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात.

बुधवार

मी बीएस्सी स्टॅटिस्टिक्सला आहे, त्याचा पहिल्यांदा ग्राउंडवर उपयोग झाला असं म्हणायला हरकत नाही.

समजा प्रत्येक फेरीत, म्हणजे एकदा त्यांचा अटॅक आणि एकदा आमचा, आम्ही सरस ठरण्याची शक्यता 40 टक्के आहे आणि त्यांची 60. (खरं तर आमची त्याहून कमी आहे, पण हिशेबासाठी धरू.) एकच फेरी खेळली तर आम्ही 40 टक्के वेळा जिंकू. अशा 11 फेऱ्यांत जास्त कोण जिंकतं ते बघितलं तर आमचे 25 टक्के होतात. 101 फेऱ्या केल्या तर उरतात 2 टक्के. मॅच जेवढी लांब, तेवढं सामर्थ्य खरं ठरतं. दुबळ्या टीमचा जीव छोट्या मॅचमध्ये असतो.

मॅच छोटी करता येत नाही, दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर ठरलेले. पण चान्स कमी करता येतात. 40 मिनिटं म्हणजे 2400 सेकंद. दोन्ही टीम बारा-बारा सेकंदांत शॉट मारायला लागल्या तर प्रत्येकीला शंभर चान्स. शॉट मारायला दर वेळी 24 सेकंद मिळतात, त्यातले आम्ही 22 घेतले तर दोघींचे मिळून 34, म्हणजे प्रत्येकीला सत्तर. सत्तरवर माझा आकडा 4 टक्के येतो.

कागद घेऊन सरांकडे गेले. म्हटलं, एवढं करून दोनाचे चार टक्के होतात फक्त.

सर म्हणाले, "दुप्पट झाले की!"

आणि मग त्यांना एकदम ते समजलं, माझ्यापेक्षा चांगलं. कबड्डीत समोर दांडगी टीम असली की चढाईपटू आत खोल न शिरता तीस सेकंद पुढे-मागे करतो, मधली रेषा, बॉक लाइन, परत. रिकामी चढाई. प्रेक्षक शिव्या देतात. सर म्हणाले, आम्ही गावच्या जत्रेत अशा मॅचेस खेचून आणल्यात, समोरच्याला राग यायला लागतो, मग तो उगाच झेप घेतो आणि तिथे सापडतो. बास्केटबॉलमध्ये रिकामी चढाई कशी करायची तेवढं तू सांग.

मग मी त्यांना मोबाइलवर प्रिन्स्टनची जुनी मॅच दाखवली. 1996, एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत समोर यूसीएलए, आदल्या वर्षीचे विजेते. प्रिन्स्टनचे कोच पीट कॅरिल. त्यांची मुलं 35 सेकंदांच्या क्लॉकमधले जवळपास सगळे सेकंद पास करण्यात घालवायची, आणि समोरचा कंटाळून एक पाऊल पुढे आला की त्याच्या पाठीमागून कट, म्हणजे रिंगकडे अचानक धाव. शेवटचा बास्केटही तसाच, पाठीमागून कट मारून लेअप, म्हणजे रिंगजवळून अलगद टाकलेला शॉट. स्कोअर 43-41. सर तो शेवटचा लेअप तीनदा बघत बसले. "ही तर हुलकावणी आहे," म्हणाले.

आमच्याकडे 35 नाही, 24 सेकंद आहेत, त्यातले आठ तर बॉल हाफ ओलांडण्यात जाऊ शकतात. पण तेही आपल्याच सोयीचं.

गुरुवार

मोठा प्रश्न त्यांची पिव्हट, म्हणजे रिंगखाली खेळणारी मुलगी. सहा फुटांच्या आसपास, आणि नुसती उंच नाही, पाय चालतात. गेल्या वर्षी तिला बॉल मिळाला की आमच्या दोघी हात वर करून तिच्या मागे उभ्या राहायच्या, फोटो काढायला थांबल्यासारख्या.

यावर मला उत्तर एफडीयूच्या मॅचमध्ये सापडलं. फेअरली डिकिन्सन, न्यू जर्सीचं कॉलेज. 2022 ला त्यांनी अख्ख्या सीझनमध्ये चार मॅच जिंकल्या आणि बावीस हरल्या. नवीन कोच आले, टोबिन अँडरसन, आणि 2023 च्या मार्चमध्ये हीच टीम सोळावं, म्हणजे सगळ्यात खालचं मानांकन घेऊन पहिल्या मानांकित पर्ड्यूसमोर उभी. पर्ड्यूचा झॅक ईडी 7 फूट 4 इंच. एफडीयू म्हणजे त्या वर्षी अमेरिकेतल्या डिव्हिजन वनमधली, म्हणजे कॉलेजांच्या वरच्या गटातली, सगळ्यात बुटकी टीम. निकाल 63-58, एफडीयू.

मी ती मॅच नीट बघितली, हायलाइट नाही. ईडीला त्यांनी थांबवलंच नाही, 21 पॉइंट आणि 15 रिबाउंड झाले त्याचे. पण त्याच्यापर्यंत बॉल जाताना रोखला. एक जण त्याच्या पुढे, अंगाला अंग लावून, एक मागे. पास द्यायचा तर डोक्यावरून द्यावा लागतो, आणि डोक्यावरचा पास हवेत जास्त वेळ असतो. मग पर्ड्यूच्या बाकीच्यांनी काय करायचं? बाहेरून मारायचं. त्यांनी 26 थ्री, म्हणजे तीन पॉइंटचे लांबचे शॉट, मारले, गेले 5.

मला यात सगळ्यात आवडलं ते हे की काय सोडून द्यायचं ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. आम्ही आजवर सगळंच अडवायला धावलो आणि काहीच अडलं नाही.

यातला विरोधाभास मलाही दिसतो. एफडीयूची ती पोरं पूर्ण कोर्ट प्रेस करायची, म्हणजे समोरच्याला कोर्टभर अंगावर जाऊन अडवायची, खेळ पळवायची. प्रिन्स्टन खेळ संथ करून मारायचं. दोन्ही एकदम कसं घ्यायचं? सात नंबर म्हणाली, आपण पण प्रेस करू की, मजा येईल. तिला म्हटलं, आठ जणींत प्रेस केला तर दुसऱ्या क्वार्टरला तू बाकावर आडवी. डिफेन्स एफडीयूचा, ऑफेन्स प्रिन्स्टनचा. ज्याला हसायचंय त्याने हसावं.

(जाता जाता. कुठेही बघा, सोळाव्या मानांकित टीमने पहिल्या मानांकिताला हरवल्याचं पहिलं उदाहरण म्हणून 2018 ची यूएमबीसी कॉलेजची मुलांची टीम सांगतात. अहो, हार्वर्डच्या मुलींनी 1998 ला स्टॅनफर्डला त्यांच्याच कोर्टवर 71-67 हरवलं होतं. वीस वर्षं आधी. स्टॅनफर्डच्या दोघी महत्त्वाच्या खेळाडू जखमी होत्या हे खरं, पण हरवलं ते हरवलं. मुलींचं मोजायचंच नाही असं ठरलेलं असतं. आपल्याकडे तरी काय, पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली, आमच्या कॉलेजात किती जणांना माहीत आहे?)

शुक्रवार

पिव्हटची प्रॅक्टिस करायला पिव्हट पाहिजे. सरांनी व्हॉलीबॉलचा एक मुलगा आणला, सहा-दोन. तो बिचारा रिंगखाली हात बांधून उभा. मुलींना धक्का लागेल म्हणून हलेचना. सर कडेवरून ओरडतायत, "अरे रेट की, देव्हाऱ्यात बसवलंय का तुला!"

आमची अकरा नंबर, टीममधली सगळ्यात बुटकी, त्याच्या पुढे उभी. आधी तिला जमत नव्हतं, ती बॉलकडे बघायची आणि तो मागून सरकून जायचा. मग सरांनी तिला सांगितलं, डोळे बॉलवर ठेव, पण कमरेने त्याचं अंग लागतंय की नाही बघत राहा, कबड्डीत साखळी धरल्यावर शेजारचीचा हात बघत नाहीस ना, जाणवतो. उजवा हात पास येतो त्या वाटेत, डावा मागे मुडपून. पाचव्या-सहाव्या वेळी तिने पास नुसता बोटांनी तटवला. बॉल उडून कॅन्टीनच्या पत्र्यावर गेला. तो मुलगा स्वतःच टाळ्या वाजवायला लागला.

मागे मदतीला नऊ नंबर. तिला एकच काम: डोक्यावरून पास आला की धाव. आणि बाहेर त्यांची तेरा नंबर थ्रीवर मोकळी उभी राहील, तिला मोकळी सोडायचं. यावर नऊ नंबरने तोंड वाकडं केलं. समोर मुलगी मोकळी दिसतेय आणि जायचं नाही, हे अंगात भिनायला वेळ लागतो. पण गेल्या वर्षी तिच्या हातून एकही थ्री गेला नव्हता, मी बाकावर बसून मोजलंय. यंदा सुधारली असली तर आपलं नशीब.

शनिवार

आज नुसता पासिंगचा सराव. शॉट मारायचाच नाही, सर 24 पासून मोठ्याने उलटं मोजणार, सातच्या खाली आकडा आल्याशिवाय रिंगकडे बघायचं नाही. ऐकायला सोपं. अठरा-सतराला सात नंबरला समोर मोकळी रिंग दिसते आणि हात वळवळतात. दोनदा मारला, दोन्ही गेले, आणि सरांनी दोन्ही वेळा तिला चक्कर मारायला लावली. ती म्हणाली, "सर, गेला की बास्केट!" सर म्हणाले, "म्हणूनच."

कटचं मात्र जमतंय. मी हायपोस्टला, म्हणजे फ्री थ्रो लाइनजवळच्या मुलीला, बॉल दिला की विंगवरची, म्हणजे कडेची मुलगी, एक पाऊल माझ्याकडे येते, तिची डिफेंडर तिच्यामागे येते, आणि मग ती वळून रिंगकडे. बाउन्स पास. हँडबॉलच्या दोघी यात सगळ्यात चांगल्या निघाल्या. त्यांना ड्रिबलच करावं लागत नाही ना.

झोनला शॉट क्लॉकचा मोठा बोर्ड नसतो. टेबलावरचा माणूस शेवटचे आकडे ओरडतो, आणि बाहेर गोंगाट असला की तेही ऐकू येत नाहीत. म्हणून आमच्या बाकावरच्या तिघींनी एकसुरात मोजायचं ठरलं. तिघींपैकी एकीला दहाच्या पुढे उलटे आकडे मराठीत जमत नाहीत, एकीला इंग्रजीत. शेवटी हातांची बोटं.

रविवार रात्री

सकाळी सहाची एसटी. आयकार्ड, पात्रतेचे फॉर्म, टिंक्चर, क्रेप बँडेज, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, दोन बॉल (वॉर्मअपला तिथला मिळेलच असं नाही). दहा नंबर येतेय. तिच्या आईने मजुरांचं उद्याचं जेवण शेजारणीवर टाकलं म्हणे. मी त्या शेजारणीला ओळखत नाही, पण तिची आभारी आहे.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. पहिल्या क्वार्टरला दहा पॉइंटने मागे पडलो तर काय? सर म्हणतात, जे ठरलंय तेच चालू ठेवायचं, मागे पडल्यावर धावलो की गेल्या वर्षीचं होईल. मला ते पटत नाही. चान्स कमी ठेवायचे ते बरोबरीत असताना. मागे पडल्यावर चान्स कमी ठेवले तर ते अंतर भरायचं कशाने? तेव्हा प्रेसच करावा लागेल, पाच मिनिटं का होईना, आणि त्या पाच मिनिटांसाठी सात नंबरला दुसऱ्या क्वार्टरपर्यंत बाकावर ताजी ठेवायला हवी. हे सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, सात नंबर बाहेर ठेवली तर दहाने मागे पडायची वेळच लवकर येईल.

त्यांचंही चूक नाही. एसटीत दीड तास आहे, बघू कोण कुणाला पटवतंय.