हौसेला मोल

रविवारी दुपारी झब्बा धुवायला टाकण्याआधी खिसा चाचपला, तर आतून पाकीट निघालं. आहेराचं असतं तसलं, कोपऱ्यात रुपयाचं नाणं चिकटवलेलं. आदल्या संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाच्या भक्तिगीतांना मी पेटी वाजवली होती. त्यांच्या नेहमीच्या पेटीवाल्याला ऐन वेळी ताप आला आणि माझ्या घरी पेटी आहे हे कुणाला तरी आठवलं, एवढीच माझी पात्रता. निघताना चपला शोधण्याच्या गर्दीत कुणीतरी हे खिशात कोंबलं असणार. आत पाचशेची नोट होती. पाकिटावर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, ‘पेटीवाले’.

“परत देऊन येतो,” मी म्हणालो.

“का? रिक्षाला जाऊन-येऊन दीडशे गेले ना?”

“अगं, आपण हौस म्हणून वाजवतो. हौसेला मोल नसतं.”

“नसतं ना? मग द्या इकडे,” असं म्हणून हिने नोट काढून घेतली. दूधवाल्याचं बिल त्याच दुपारी भागलं. माझ्या हातात रिकामं पाकीट राहिलं आणि मला एकदम व्हर्जिनिया वेड आठवली.

पेटीवरून माणूस थेट इंग्लंडच्या टेनिसपटूवर कसा जातो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी टेनिस फारसं बघतही नाही. मला खोड आहे ती जुने निकाल वाचायची, त्यातही बंद पडलेल्या स्पर्धांचे. चालू स्पर्धेचा निकाल पुढच्या वर्षी शिळा होतो. बंद पडलेल्या स्पर्धेचा शेवटचा विजेता मात्र कायमचा विजेता. त्याला हरवायला आता कुणीच येणार नाही.

तर बोर्नमथ. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं समुद्रकाठचं गाव, आणि तिथला वेस्ट हँट्स क्लब. हँट्स म्हणजे हॅम्पशर. १९७४ मध्ये परगण्यांच्या हद्दी बदलल्या, गाव डॉर्सेटमध्ये गेलं, क्लबाच्या नावात हॅम्पशर तसंच राहिलं. इथे वर्षानुवर्षं ब्रिटिश हार्ड कोर्ट अजिंक्यपद स्पर्धा व्हायची. १९२४ साली ती टॉर्कीला सुरू झाली, १९२७ पासून बोर्नमथला आली. फ्रेड पेरीने ती १९३२ ते १९३६ अशी ओळीने पाच वेळा जिंकली.

आणि हार्ड कोर्ट म्हणजे काय, तर माती! आज हार्ड कोर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निळं सिमेंट येतं. त्या इंग्रजांच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, हिरवळ आणि हिरवळ नसलेलं सगळं. मऊ ती हिरवळ, उरलेलं कठीण. मग ती खडकाची लाल भरड का असेना. घरात एकाला ‘बाळ’ म्हणतात आणि तो साठीला आला तरी बाळच राहतो, तसं त्या लाल भुकटीचं हार्ड कोर्ट हे नाव टिकून राहिलं.

मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण आमच्याही गावात लाल कोर्ट होतं. जिल्ह्याच्या गावचा ऑफिसर्स क्लब. वडील पाटबंधारे खात्यात कारकून, तेव्हा क्लबाशी आमचा संबंध कुंपणापुरता. पण संध्याकाळी बॉल उचलायला पोरं लागायची. मुरमाच्या थरावर चाळलेली लाल माती, दुपारी चार वाजता झारीने पाणी, मग रूळ, मग दोरी धरून चुन्याची फक्की. ओल्या मातीचा तो वास अजून कुठे आला की मी अर्धी चड्डी घातल्यासारखा उभा राहतो. बॉल उचलायचे संध्याकाळचे चार आणे मिळायचे. म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षी मी टेनिसमध्ये धंदेवाईक होतो. हौशी झालो तो नंतर.

हे सगळं करणारा माणूस म्हणजे मार्कर. ज्यांनी जुने क्लब पाहिलेत त्यांना हा शब्द वेगळा सांगायला नको. खाकी हाफपँट, खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, वय पन्नाशीचं. रॅकेटला तात घालायचा तोच, रूळ ओढायचा तोच आणि ज्या साहेबाला जोडीदार मिळाला नसेल त्याच्याशी खेळायचाही तोच. साहेबाला धावायला लागू नये असा बॉल द्यायचा, साहेब धावला तर ‘वेल प्लेड सर’ म्हणायचं. क्लबाची वार्षिक स्पर्धा व्हायची, तिचे ड्रॉ कागदावर तोच आखायचा, उंच खुर्चीत बसून गुण तोच पुकारायचा, चांदीचे कप चिंच आणि राखेने तोच घासायचा. खेळायचा मात्र नाही. पैसे घेऊन खेळणारा माणूस हौशी लोकांत कसा खेळेल? व्हरांड्यात लाकडी फलक होता, त्यावर सोनेरी अक्षरांत सालं आणि साहेबांची नावं.

ही रीत अर्थातच साहेबाच्या देशातून आलेली. डॅन मस्केल म्हणून एक होता. क्वीन्स क्लबात बॉल उचलणारा पोरगा म्हणून लागला, पुढे विम्बल्डनच्या क्लबाचा प्रशिक्षक झाला, ब्रिटनच्या व्यावसायिकांचं अजिंक्यपद त्याने सोळा वेळा मिळवलं. विम्बल्डनमध्ये एकदाही खेळला नाही, कारण खेळता येतच नव्हतं. पुढे बीबीसीवरून त्याच विम्बल्डनचं धावतं वर्णन करून तो घराघरांत पोचला, ही गोष्ट वेगळी. आणि पेरी? तीन वेळा विम्बल्डन जिंकून १९३६ च्या शेवटी तो व्यावसायिक झाला, तर क्लबाने त्याचं सभासदत्व काढून घेतलं. क्रिकेटमध्ये तर कहर. गुणपत्रिकेवर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, पैसे घेणाऱ्याची आडनावानंतर. लॉर्ड्सवर एकदा ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर केली होती, की कार्डावर एफ. जे. टिटमस छापलंय ते टिटमस, एफ. जे. असं वाचावं. म्हणजे पोरगा कुणाचा हे बदलत नाही, पण उभा कुठे राहील ते बदलतं.

टेनिसमधली गंमत अशी की हौशी म्हणवणारे थोर खेळाडू काही हवा खाऊन जगत नव्हते. प्रवासखर्चाच्या नावाखाली त्यांना पाकिटं मिळायची. सगळ्यांना ठाऊक, कुणी बोलायचं नाही. उघडपणे घेतले की धंदेवाईक, टेबलाखालून घेतले की हौशी. आपल्याकडे ‘मानधन’ हा शब्द ज्याने काढला तो मोठा मुत्सद्दी असला पाहिजे. धनाच्या आधी मान लावला की घेणाऱ्याला खाली बघावं लागत नाही.

शेवटी डिसेंबर १९६७ मध्ये ब्रिटिश संघटनेनेच ठरवलं की हा भेदच काढून टाकायचा. ३० मार्च १९६८ ला पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनेही बारा स्पर्धा सर्वांना खुल्या करायला मंजुरी दिली. आणि त्यातली पहिली कुठली यायची? विम्बल्डनचं नाही, पॅरिसचं नाही, भाग्य उघडलं बोर्नमथचं. का, तर तिची तारीख एप्रिलातली होती. बस्स. रेशनच्या रांगेत सकाळी लवकर उठलेल्याचा नंबर पहिला लागतो, तसं.

२२ एप्रिल १९६८, सोमवार, दुपारी १.४३. पाऊस भुरभुरतोय, बाकांवर मोजकी माणसं. जॉन क्लिफ्टन नावाच्या ब्रिटिश हौशी खेळाडूने सर्व्हिस केली आणि पहिला गुण त्यालाच मिळाला. सामना मात्र ओवेन डेव्हिडसनने जिंकला. हा ऑस्ट्रेलियाचा, पण त्या वेळी ब्रिटनचा प्रशिक्षक. म्हणजे शतकभराची भिंत पडली आणि त्या जागेवर पहिला सामना कुणात झाला, तर एक हौशी आणि एक मास्तर. आपले मार्करकाकाच की!

नंतरच्या दिवसांत खरी मजा आली. मार्क कॉक्स, चोवीस वर्षांचा, डावखुरा, केंब्रिजचा पदवीधर, हौशी. त्याची गाठ पडली पांचो गोन्झालेसशी. गोन्झालेस १९४९ मध्ये व्यावसायिक झाला तेव्हापासून एकाही हौशीशी स्पर्धेत खेळला नव्हता. वर्षानुवर्षं व्यावसायिकांतला दादा, आता चाळिशीला टेकलेला. पहिला सेट त्याने ६-० घेतला. सगळ्यांना वाटलं, झालं. पण कॉक्सने पाच सेटमध्ये सामना काढला. ०-६, ६-२, ४-६, ६-३, ६-३. व्यावसायिकाला हरवणारा पहिला हौशी. एवढ्यावर न थांबता त्याने रॉय इमर्सन या दुसऱ्या व्यावसायिकालाही सरळ तीन सेटमध्ये उडवलं. उपांत्य फेरीत रॉड लेव्हर भेटला आणि त्याने व्यवस्थित हिशोब चुकता केला, ६-४, ६-१, ६-०. अंतिम सामन्यात लेव्हरला हरवलं केन रोझवॉलने. तेहतीस वर्षांचा हा माणूस व्यावसायिक झाला म्हणून अकरा वर्षं विम्बल्डनच्या दाराबाहेर होता. त्याला हजार पौंड मिळाले.

महिलांमध्ये जिंकली व्हर्जिनिया वेड. विनी शॉला हरवून. तिचं बक्षीस तीनशे पौंड. तिने ते घेतलं नाही. ती हौशी होती ना!

माझं पाकीट आणि तिचं पाकीट, इतकंच साम्य. तिने त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली आणि तिथले सहा हजार डॉलर रीतसर घेतले. एप्रिल ते सप्टेंबर, पाच महिने. एवढ्यात हौसेला मोल आलं. मला यात तिचं काही चुकलं असं वाटत नाही. उलट एप्रिलमध्येच घ्यायला हवे होते असं मला वाटतं, आणि हे वाटल्याबरोबर दूधवाल्याचा विषय मी मनातल्या मनात मिटवून टाकला.

ज्या दारातून सगळे आत आले ते दार मात्र पुढे कुणी सांभाळलं नाही. काही वर्षं थाटात गेली. १९७३ ला पनाटा, १९७४ ला नास्तासे, १९७५ ला ओरांतेस, मातीतली ही मोठी नावं बोर्नमथला जिंकून गेली. पण आता खेळाडू पैशाकडे जायला मोकळे होते, आणि पैसा एप्रिलच्या पावसात समुद्रकाठी कुडकुडत बसणारा नव्हता. १९८३ मध्ये स्पेनच्या होझे इगेरासने ही स्पर्धा जिंकली आणि तो माझ्या व्याख्येप्रमाणे कायमचा विजेता झाला. नव्वदच्या दशकात त्याच क्लबात वेगळ्या नावाने पुन्हा काही वर्षं मातीवर मोठी स्पर्धा भरली, तीही गेली. क्लब आहे, खेळणारे आहेत, स्पर्धा नाही. पंगतीला सगळ्यांना बोलवायचं आधी ज्याने ठरवलं, त्याच्याच पानात वाढायला शेवटी काही उरलं नाही.

मी हे सगळं त्या दुपारी हिला सांगत होतो. ती लसूण सोलत होती. लेव्हर-रोझवॉलमध्ये तिला रस नव्हता, पण मार्करपाशी ती थांबली.

“तो खरंच चांगला खेळायचा?”

मग मला ती मे महिन्यातली संध्याकाळ सांगावी लागली. जज्जसाहेबांकडे पुण्याहून त्यांचा पुतण्या आला होता. विद्यापीठाच्या संघातला, पांढऱ्या स्वेटरचा, मे महिन्यात. क्लबात कुणी त्याच्या जोडीचं नव्हतं, म्हणून मार्करला उभं केलं. नुकताच वळीव शिंतडून गेला होता, माती जड झाली होती. मार्करने पहिला सेट ६-० ने जिंकला. कसा, ते मला आता सांगता येणार नाही. तो धावल्याचं आठवत नाही, बॉल तिथे जायचा जिथे पुतण्या नसायचा, इतकंच. व्हरांड्यात पत्ते थांबले. जज्जसाहेबांनी पेपर खाली ठेवला. कुणी ‘वेल प्लेड’ म्हणालं नाही.

दुसऱ्या सेटला मार्करचे बॉल जाळीत जायला लागले. दोनदा डबल फॉल्ट. ४-६. मग अंधार पडला म्हणून खेळ थांबला, आणि जज्जसाहेब पुतण्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “सूर सापडायला वेळ लागतो रे.”

जाळी सैल करताना मी मार्करकाकांना विचारलं, “मुद्दाम हरलात ना?”

ते म्हणाले, “बॉल मोज. बारा पाहिजेत.”

अकराच भरले. बाराव्यासाठी आम्ही दोघं कुंपणाच्या घाणेरीत हात घालून शोधत राहिलो. पार दिवे लागेपर्यंत. सापडला नाही. त्यांनी मला चार आणे दिले आणि बॉलचे पैसे आपल्या पगारातून कापून घ्यायला सांगून सायकलवर निघून गेले.

“नाव काय होतं त्यांचं?” हिने विचारलं.

मी पुष्कळ आठवून पाहिलं. साहेब लोक ‘मार्कर’ म्हणायचे, आम्ही पोरं ‘मार्करकाका’. पगाराच्या वहीत असेल काहीतरी. ती वही बघायचा आमचा संबंध नव्हता.