आमची वाटचाल : माल नक्की कुठं आहे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत दोन लेथवर सुट्या भागांचं मशीनिंग सुरू केलं, तेव्हा माल कुठं आहे हे विचारावं लागत नव्हतं. मान वळवली की दिसायचा. पुढं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन) आल्या, प्लेटिंग-ग्राइंडिंग बाहेर जाऊ लागलं आणि सगळा धंदा स्टोअरच्या तात्यांच्या वहीत जाऊन बसला. तात्या गावच्या जत्रेला गेले की आम्ही आंधळे.

जुलै 2017 मध्ये जीएसटी आला. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, दिलेला कच्चा माल वर्षात परत आला नाही, तर पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरतात. कर भरा, वर व्याज. सीएंनी यादी मागितली. तात्या म्हणाले, "मालक, चलनं हायती की सगळी." होती खरी, तीन पिशव्यांत कोंबलेली.

म्हणून ईआरपी, म्हणजे साठा-खरेदी-हिशेब एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, घेतलं. पहिल्यांदा सपशेल आपटलो, आणि चूक आमचीच. 'ड्रिल 12', '12 एमएम ड्रिल', 'बारा नंबर ड्रिल' : एकाच ड्रिलची तीन खाती. कॉम्प्युटर म्हणायचा साठा शून्य, कपाटात नऊ पडलेले. सहा महिन्यांत सगळे परत वहीवर.

दुसऱ्या खेपेला मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट घेतलं. ओपन सोर्स, त्यामुळे लायसन्सचा खर्च नाही. बसवणाऱ्या माणसाचा मात्र होतोच. यावेळी आधी स्टोअर रिकामं केलं, प्रत्येक वस्तूला एकच कोड दिला आणि नावं तात्यांनाच ठरवायला लावली.

जॉबवर्कची बाकी तारखेनुसार दिसायला लागली, ते अपेक्षितच होतं. धक्का बसला तो पंप हाउसिंगचा. आमचा सगळ्यात मानाचा आयटम! कास्टिंगमधली (ओतीव भागातली) ब्लोहोल, म्हणजे आतल्या वायूच्या पोकळ्या, मशीनिंग झाल्यावरच उघडी पडतात. फौंड्री (ओतकामाचा कारखाना) कास्टिंगचे पैसे वळते करते. आमची मशीनची वेळ आणि झिजलेले इन्सर्ट (कापणारी पाती) मात्र आमच्याच बोडक्यावर. हे कळत होतं, आकडा माहीत नव्हता. हीट नंबरवार (ओतलेल्या धातूच्या घाण्यानुसार) रिजेक्शन काढलं तर हा आयटम चक्क तोट्यात. कागद घेऊन फौंड्रीत गेलो, निम्मा मशीनिंग खर्च मान्य करून घेतला. नुसत्या तक्रारीवर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं असतं.

'मशीन बंद का होतं?' या रकान्यात मात्र तिन्ही शिफ्टचे ऑपरेटर अजून एकच शब्द भरतात : 'सेटिंग'.